गेटवरची सात मिनिटं

"बाई, बेल," कंट्रोलरसाहेब म्हणाले.

माझा हात दोरीवर होता, पण ओढत नव्हता. बस औषधाच्या कारखान्यासमोर उभी होती, इंजिन चालू होतं आणि ड्रायव्हरमामा आरशातून माझ्याकडे बघत होते. दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती. वेळापत्रकात या थांब्यावरून सुटायची वेळ दोन दहा. पहिल्या बाकावर साहेब मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि त्यांच्या मागे बससेवा चालवायला घेणाऱ्या कंपनीची मोजणीवाली मुलगी, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला कागद.

"साहेब, बाया येताहेत," मी म्हटलं.

"कुठं येताहेत? थांब्यावर पाच होत्या, त्या चढल्या."

ते खरंच होतं. बाकीच्या गेटच्या आत होत्या. त्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायचं काम चालतं. सकाळची पाळी दोनला सुटते, पण सुटली म्हणजे सुटली असं नाही. गेटवर झडती असते आणि झडती घेणारी बाई एकच. ती एकेकीचे खिसे चाचपते, पिशवी उलटी करते, जेवणाचा डबा उघडायला लावते, अंबाड्यात बोटं घालून बघते. चाळीसएक बाया त्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत सव्वादोन होऊन जातात. बसमधून मला ती रांग दिसत होती. साहेबांनाही दिसली असती, पण ते घड्याळाकडे बघत होते.

"बाई."

मी दोनदा दोरी ओढली. मामांनी गिअर टाकला. तेवढ्यात गेटमधून एक बाई धावत बाहेर आली. एका हातात उघडा डबा, दुसऱ्या हातात झाकण, केस मोकळे सुटलेले. ती साहेबांची सख्खी धाकटी बहीण होती.

साहेबांनी तिला बघितलं. आता थांबवायला सांगतील म्हणून माझा हात पुन्हा दोरीकडे गेला. पण ते मागे वळले आणि मोजणीवाल्या मुलीला म्हणाले, "बघितलंत? माझी बहीण आहे ती. तरी बस थांबली नाही. लिहून घ्या."

मुलीनं काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून बघितलं. पाच, एवढंच लिहिलं होतं.

तेव्हा मी पालिकेच्या बसवर कंडक्टर होते. साहेब आमच्या डेपोचे कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुणी न्यायची, किती वाजता परत यायची, हे ठरवणारे आणि लिहिणारे. सव्वीस वर्षं ते त्या काचेच्या केबिनमध्ये बसले. मागून सगळे त्यांना मिनिटराव म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणूस वाईट होता असं नाही. नाकासमोर चालणारा होता, एवढंच, आणि नाकासमोर चालणाऱ्याला आजूबाजूचं कमी दिसतं.

पालिकेनं बससेवा एका कंपनीला चालवायला द्यायचं ठरवलं होतं. त्यावर मी भाषण देणार नाही. आमच्या गाड्या मी वापरलेल्या आहेत. खिडकी बंद केली तर उघडायची नाही, उघडली तर लागायची नाही, आणि मागच्या बाकाखाली एक भोक होतं त्यातून रस्ता दिसायचा. कंपनी नव्या गाड्या आणणार होती आणि लोक खूश होते, ते उगाच नव्हते. फक्त कंपनी रस्ते सगळे घेणार होती, फेऱ्या सगळ्या घेणार नव्हती. प्रत्येक फेरीची एकदाच मोजणी होणार होती. बस सर्वांत जास्त भरते त्या जागी किमान वीस माणसं असली तर फेरी राहणार. नसली तर बंद.

आणि पेपरात येत होतं की पालिकेच्या बस कधी वेळेवर सुटत नाहीत, म्हणून हा निर्णय. हे साहेबांना फार लागलं. मोजणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनसमोर उभं केलं.

"आपल्यावर आरोप आहे तो उशिराचा," ते म्हणाले. "या आठवड्यात एक मिनिटही कुठं सांडायचं नाही. वेळ दाखवा त्यांना. बाकीचं आपोआप दिसेल."

मी मामांकडे बघितलं. मामा बुटाकडे बघत होते.

कारण आम्ही दोघं अकरा वर्षं त्या गेटवर रोज सात मिनिटं सांडत होतो.

सुरुवात मामांनी केली. आम्ही या फेरीवर नवे होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी रांग बघितली आणि इंजिन बंद केलं. मी म्हटलं, मामा, लेट होईल. ते म्हणाले, "होत नाही. पुढं रेल्वेचं फाटक होतं ना, तिथं आता पूल झालाय. वेळापत्रकात मात्र फाटकाची आठ मिनिटं तशीच आहेत. ती काय आपण घरी न्यायची?" खरंच, पुलावरून गेलं की आम्ही बाया राहतात त्या वस्तीवर अगदी वेळेत पोचायचो आणि डेपोत वेळेत परत यायचो. साहेबांनी ती आठ मिनिटं कधी काढली नाहीत. पूल झाल्याचं पत्र त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, आणि पत्राशिवाय ते श्वाससुद्धा घेत नसत.

त्यांची बहीण, आम्ही तिला ताई म्हणायचो, त्याच बसनं घरी जायची. तिचा नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. शेजारीण त्याच्यापाशी बसायची ती तीनपर्यंत. तीनला तिला स्वतःच्या कामावर जावं लागे. दोनची बस चुकली तर पुढची साडेचारला, नाहीतर सहा किलोमीटर चाल. ताईनंच आम्हाला पहिल्यांदा बजावलं होतं की दादाला कळू देऊ नका.

मोजणीच्या आदल्या दिवशी मी मामांना म्हटलं, "साहेबांना सांगून टाकू या का?"

"सांग की. आणि परवापासून घरी बस. कंपनी फक्त कोऱ्या रेकॉर्डची माणसं घेणार आहे. माझी तीन वर्षं राहिलीत."

"मग उद्या काय करायचं?"

"दरवाजा अडकला म्हणू. मी खाली उतरतो, हातोडीनं चार ठोके घालतो. ठोके घालायला सात मिनिटं सहज लागतात." मामांना त्यातही हसू येत होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

पण दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या वेळेला साहेब स्वतः टोपी घालून चढले. सव्वीस वर्षांत ते एकदाही गाडीबरोबर आले नव्हते. मामांची हातोडी सीटखालीच राहिली.

दुपारी पावणेचारला आम्ही डेपोत परत आलो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढं सरकवला. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"गेटवर एक मिनिट तुमच्यामुळं गेलं," ते म्हणाले. "पण चालायचं. बाकी एकही फेरी मागं नाही. आता म्हणा, पालिकेची बस वेळेवर नसते."

"साहेब, ती फेरी बंद होणार," मी म्हटलं.

"का?"

"पाच माणसं मोजली तिनं. वीस लागतात."

"पाचच असतात तर पाच लिहिणार. त्याला आपण काय करणार?"

"पाच नसतात. चाळीस असतात."

मग मी सगळं सांगितलं. झडती, पूल, आठ मिनिटं, अकरा वर्षं. मामांचं नाव घ्यायचं नव्हतं, पण बस चालवत कोण होतं हे काय लपणार होतं. सांगायचं ठरवून गेले नव्हते. तो चहा समोर आला आणि मला राहवलं नाही. चहा तसाच थंड होत राहिला.

साहेब उठले. कपाटातून जुनी लॉगशीटं काढली, टेबलावर टाकली, एकेक पान उलटायला लागले. सगळीकडे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, वेळेवर, वेळेवर, वेळेवर.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याची सुट्टी सोडून."

"आणि तिला माहीत होतं? माझ्या बहिणीला?"

"त्याच म्हणायच्या, दादाला कळलं तर तो आधी तुम्हाला नोटीस देईल आणि मग मला सांगेल, चालत जा."

त्यांनी पसरलेली पानं एकावर एक रचली. मग म्हणाले, "तसंच केलं असतं मी."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. आपल्या पाठीमागं अख्खा डेपो, अख्खा कारखाना आणि घरचं माणूसही एक गोष्ट जाणतं आणि आपल्याला कुणी सांगत नाही, कारण आपल्याला सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांना एकदम कळलं होतं. चेहऱ्यावरून कळत होतं. माणसाला तोंडात मारली तरी तो असा दिसत नाही.

"आज ती घरी कशी गेली?"

"चालत. सगळ्याच."

"शेजारीण तीनला जाते," ते स्वतःशीच म्हणाले. घड्याळ बघितलं. उठले, परत बसले. जाऊन आता उपयोग नव्हता.

मी निघाले तेव्हा ते म्हणाले, "आक्षेप शुक्रवारी दुपारपर्यंत घेतात. मी लिहून देतो."

"काय लिहून देणार?"

"जे झालं ते."

"साहेब, मामांची तीन वर्षं राहिलीत. माझ्या घरी कमावणारी मी एकटी. हे कागदावर गेलं तर कंपनी आम्हाला दारातसुद्धा उभं करणार नाही. आणि पेपरवाले म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मग फेरी जाऊ द्यायची?"

खरं सांगते, त्या क्षणी जाऊ द्या असंच मनात आलं होतं. चाळीस बाया चालतील, चालायची सवय होईल, माझी नोकरी राहील. हे मनात आलं आणि मी ते गिळलं, पण आलं होतं.

शुक्रवारपर्यंतचे तीन दिवस मी आणि मामा एकमेकांशी धड बोललो नाही. फेरी रोज होती, आणि आता साहेब बसमध्ये नव्हते, तर आम्ही रोज थांबलो. बाया चढताना विचारायच्या, "बंद होणार का हो?" मी म्हणायची, अजून काही ठरलं नाही. ताई चढली तेव्हा तिनं काहीच विचारलं नाही. मोजणीच्या दिवशी ती घरी पोचली तर नवरा पलंगावरून खाली पडलेला होता, पाण्याच्या भांड्याला हात पुरला नाही म्हणून. कपाळाला चार टाके पडले. तिनं हे भावाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "कंपनीची असो नाहीतर पालिकेची, मला काय. थांबते ती आमची." मी तिच्याकडे बघू शकले नाही. बेल मीच दिली होती.

शुक्रवारी पालिकेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सुनावणी झाली. लांब टेबल, एका बाजूला कंपनीचा अधिकारी, एका बाजूला पालिकेचे वाहतूक अधिकारी. मला त्या फेरीची कंडक्टर म्हणून बोलावलं होतं. मामा बाहेर बाकावर बसले होते. आत जाताना ते मला म्हणाले, "खरं बोलणाऱ्या माणसाचा शेजार नको, असं माझा बाप म्हणायचा. आज पटलं." हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

कंपनीचा अधिकारी तिशीचा, शांत, नम्र. साहेबांना त्यानं उठून खुर्ची दिली. वाईट पोरगा असता तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. झडती, पूल, आठ मिनिटं. क्रमानं, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमची ही बस अकरा वर्षं रोज सात मिनिटं उशिरा सुटत होती."

"गेटवरून. हो."

"आणि तुमच्या नोंदीत वेळेवर."

"हो."

"तुम्हाला समजतंय ना, तुम्ही काय म्हणताय ते? आम्ही इथं का आलो, याचं कारण तुम्ही स्वतः देताय."

"देतोय," साहेब म्हणाले. "पण बाया चाळीस आहेत. पाच नाहीत. आकडा चुकीचा आहे."

अधिकाऱ्यानं पेन उचललं. "बस थांबवायला कुणी सांगितलं होतं? ड्रायव्हरनं स्वतःहून थांबवली?"

मी खुर्चीच्या कडेला आले होते. उठायचं आणि म्हणायचं, मामांनी नाही, आम्ही दोघांनी, एवढंच करायचं होतं. मी उठलेही. गुडघे सरळ होत होते तेवढ्यात साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, खाली बसा." आणि मग त्या अधिकाऱ्याला, "मी सांगितलं होतं."

"लेखी?"

"तोंडी."

पालिकेच्या वाहतूक अधिकाऱ्यांनी इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. ते साहेबांना सव्वीस वर्षं ओळखत होते. "तुम्ही?" ते म्हणाले. "तोंडी हुकूम?"

"हो."

"अहो, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा तुम्ही लेखी देता." ते हसले नाहीत. पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा विचारतो. नीट आठवून सांगा. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर आपल्या मनानं थांबत होते का?"

"माझ्या तोंडी हुकुमानं थांबत होते. त्यांचा दोष नाही. त्यांनी हुकूम पाळला."

मी बसले होते. उठलेली मी परत खाली बसले, आणि तोंडातून शब्द काढला नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

साहेबांना तिथल्या तिथं निलंबनाचं पत्र मिळालं. आयुष्यभर पत्राची वाट बघणाऱ्या माणसाला मिळालं ते हे पत्र. फेरीची मोजणी येत्या मंगळवारी पुन्हा घ्यायची ठरली. पण कंपनीच्या अधिकाऱ्यानं एक अट घातली. बस वेळापत्रकापेक्षा जास्त थांबली तर कुणाच्या हुकुमानं थांबली, हे नोंदवलं जाईल, आणि जो हुकूम देईल त्याचं नाव त्यांच्या यादीत येणार नाही. "नियम सगळ्यांना सारखा हवा," तो म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

जिन्यात मी साहेबांना गाठलं. "साहेब, तुम्ही खोटं बोललात."

"खोटं कुठं?" त्यांनी कठड्याला धरून एक पायरी उतरली. "हुकूम मी द्यायलाच हवा होता. द्यायला अकरा वर्षं उशीर झाला, एवढंच."

मामा बाकावरून उठले, त्यांच्या पाया पडायला वाकले. साहेबांनी त्यांना मध्येच धरलं आणि म्हणाले, "पूल झालाय हे मला एकदा सांगायचं होतं हो. मी पत्र मागितलं असतं, पण सांगायचं तरी होतं."

केबिनमध्ये नवा कंट्रोलर आला. सोमवारी मी त्याला विचारलं, "उद्या गेटवर थांबायचा हुकूम द्याल का?"

"बाई, मला दोन मुलं आहेत," तो म्हणाला.

मी मामांशी बोलले. ते म्हणाले, "मी थांबवतो. म्हातारा घरी बसला, आता मी बसतो." मी म्हटलं, तुम्ही बेलशिवाय गाडी हलवायची नाही, बेलशिवाय थांबवायची नाही, एवढंच करा. बेल माझ्याकडे आहे.

मंगळवारी दोन वाजून आठ मिनिटांनी बस गेटसमोर उभी राहिली. मोजणीवाली मुलगी तीच होती. थांब्यावर सगळ्यांच्या पुढं एक माणूस उभा होता. साधा शर्ट, हातात पिशवी. मी आधी ओळखलंच नाही, कारण साहेबांना टोपीशिवाय मी कधी बघितलं नव्हतं. ते चढले आणि सुटे पैसे पुढं केले.

"वस्तीपर्यंत एक," ते म्हणाले. "बहिणीकडे चाललोय." टाक्यांचं त्यांना कळलं होतं. आवाजावरून कळत होतं.

मी तिकीट दिलं. निलंबित माणसाचा पास काढून घेतात.

"हे प्रवासी का?" मुलीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. तिनं पहिली रेघ ओढली.

त्यांच्यामागून सहा बाया चढल्या. दोन दहा झाले. गेटच्या आत रांग हलत होती, मुंगीच्या पावलानं. एकीनं डबा उघडला, दाखवला, बंद केला. दुसरीनं पिशवी उलटी केली. मामांनी इंजिन बंद केलं नव्हतं, पण दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले होते. दोन अकरा. दोन बारा.

"बस सुटत का नाही?" मुलगी म्हणाली. रागानं नाही, तिच्या कागदावर तो रकाना होता. "कुणाच्या हुकुमानं थांबली असं लिहू?"

घरातलं सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, आणि लाज वाटते सांगायला, अजूनही पळून जावंसं वाटलं.

"माझ्या," मी म्हटलं. "कंडक्टर. लेखी पाहिजे तर लेखी देते." मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात माझा बिल्ला नंबर लिहिला. अंक वाकडे आले, पण वाचता येत होते.

साहेब एकदम उभे राहिले. "थांबा, असं लिहू नका. बाई, तुम्ही ते…"

"प्रवाशांनी बसून घ्यावं," मी म्हटलं.

अकरा वर्षं रोज शंभर वेळा म्हटलेलं वाक्य. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पिशवी मांडीवर घेऊन ते बसले.

बाया येत राहिल्या. कुणी अंबाडा बांधत, कुणी डब्याचं झाकण दाबत, कुणी धापा टाकत. मुलगी रेघा ओढत होती आणि मीही तिच्याबरोबर मनात मोजत होते. चौदा. पंधरा. मग मध्येच रांग अडली. झडतीवाल्या बाईला एकीच्या खिशात काहीतरी लागलं होतं. रुमाल निघाला. तेवढ्यात एक मिनिट गेलं. सतरा. एकोणीस. मामा आरशातून बघत होते आणि मला त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

विसावी चढली. मुलीनं रेघ ओढली, मान वर केली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वीस झाले. फेरी राहिली. आता सोडलीत तरी चालेल. चारच मिनिटं झालीत, मी उशीर कमी दाखवते, तुमचंही कदाचित भागेल."

चांगली मुलगी होती. माझ्यासाठी बोलत होती.

मी गेटकडे बघितलं. अजून वीसएक जणी आत होत्या. ताई रांगेत शेवटून पाचवी. त्या दिवशी झडतीला तिच्या टेबलाचा नंबर शेवटी लागला होता.

मी दोरीवरचा हात काढून घेतला आणि दारात जाऊन उभी राहिले.

"अजून बाया आत आहेत," मी म्हटलं.